बोरघाटाच्या कागदपत्रांतील आर्ष इंग्रजी शब्द

मावळ प्रांताचा लेखी इतिहास एका भाषेत सामावलेला नाही. वतनांचे आणि गावकीचे दफ्तर मोडी लिपीतील मराठीत आहे, त्या मराठीत फारसी शब्दांचा मोठा भरणा आहे, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लढाई, रस्ता, रेल्वे व जमीनमोजणी या चार विषयांवरचा बराचसा मजकूर इंग्रजीत लिहिला गेला आहे. लोणावळ्याला लागून असलेले कुसगाव बुद्रुक हे गाव या तिन्ही थरांवर उभे आहे. त्याच्या नावातील ‘बुद्रुक’ हा शब्द ‘मोठा, वडील’ या अर्थाच्या फारसी ‘बुजुर्ग’ शब्दावरून आलेला आहे, त्याचा जोडीदार ‘खुर्द’ म्हणजे धाकटा, आणि मावळातच कुसगाव खुर्दही आहे. बोलण्यात बुजुर्ग आणि खुर्द हे शब्द या अर्थांनी फारसे उरले नाहीत, तरी गावांच्या नावांत ते टिकले. बोरघाट चढून येणाऱ्या इंग्रजी शब्दांचेही पुढे असेच झाले, आणि आज मावळचा इतिहास वाचणाऱ्याला त्या शब्दांचे त्या काळचे अर्थ ठाऊक नसतील, तर ओळीतला प्रत्येक शब्द ओळखीचा असूनही घडलेली गोष्ट त्याच्या हाती लागत नाही.

जुन्या इंग्रजी शब्दांचे स्थूलमानाने तीन वर्ग पाडता येतात. पहिला वर्ग अप्रचलित शब्दांचा; ते वापरातून इतके गेले आहेत की आजचा शिकलेला इंग्रज वाचकही कोशाशिवाय पुढे जाऊ शकत नाही. तोफखान्यात गोलंदाजाच्या हाताखाली काम करणाऱ्या शिपायाला ‘मॅट्रॉस’ म्हणत, तो शब्द या वर्गातला. दुसरा वर्ग आर्ष शब्दांचा, म्हणजे ज्यांचा अर्थ कळतो पण जे कोणी सहज बोलत नाही अशा शब्दांचा. अंतर मोजण्याचा ‘फर्लांग’ हा त्याचा चांगला नमुना होय. तिसरा वर्ग सर्वांत फसवा आहे, कारण त्यातील शब्द आजही रोज वापरले जातात आणि वाचकाला कोश उघडण्याची गरजच वाटत नाही, मात्र त्यांचा जुना अर्थ मागे पडून त्या जागी दुसराच अर्थ येऊन बसलेला असतो. मावळच्या इंग्रजी कागदांत या तिसऱ्या वर्गातील शब्द जागोजाग आढळतात.

अर्थाच्या आधी लेखनाचा प्रश्न येतो. जुन्या इंग्रजी ग्रंथांत वडगाव ‘वरगॉम’ यासारख्या रूपात लिहिलेले आढळते, खोपोलीचे ‘कॅम्पूली’ होते, आणि लोणावळे ‘लोनौली’ या रूपात येते. हा केवळ अज्ञानाचा परिणाम मानता येत नाही. मराठीतील ‘ड’ इंग्रजी कानाला ‘र’सारखा ऐकू येई, म्हणून वडगावात ‘र’ शिरला, ‘गांव’मधील अनुनासिकाचा उच्चार दाखवण्यासाठी शेवटी ‘म’ जोडला गेला, दीर्घ ‘आ’साठी दोन स्वरांची जोडी वापरण्याची रीत असल्यामुळे घाटाचे आणि गावाचे इंग्रजी लेखन आजच्याहून वेगळे झाले, आणि ऱ्हस्व ‘अ’साठी ‘उ’चे अक्षर वापरल्यामुळे ग्रँट डफच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात ‘मावळ’ हे नाव आजच्या वाचकाला ‘मावुल’ असे वाचावेसे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम हंटर याच्या पुढाकाराने स्थलनामांच्या लेखनाची पद्धत ठरल्यावर ही रूपे हळूहळू मागे पडली. ती नेमाने ओळखता येऊ लागली की जुन्या नकाशावरील अनोळखी वाटणारे गाव मावळातलेच आहे हे ध्यानात येते, आणि शिवाय त्या नावाचा उच्चार त्या काळी कसा होत असावा याचाही थोडा पुरावा हाती येतो.

अर्थाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे प्रकरण १७७८-७९ च्या मोहिमेचे आहे. रघुनाथराव दादासाहेबांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून खंडाळ्यावर आली आणि इंद्रायणीच्या खोऱ्यातून कार्ल्यामार्गे तळेगावाकडे सरकली. या फौजेचे नेतृत्व एका सेनापतीकडे नव्हते. कर्नल एगर्टन, जॉन कार्नाक आणि टॉमस मॉस्टिन या तिघांची ‘कमिटी’ नेमलेली होती. आज कमिटी म्हटले की सभा, ठराव आणि अहवाल डोळ्यांपुढे येतात. या शब्दाच्या मुळाशी सोपवणे ही क्रिया आहे, आणि जुन्या इंग्रजीत ज्याच्यावर काम सोपवले आहे अशा एकट्या माणसालाही ‘कमिटी’ म्हणत. ईस्ट इंडिया कंपनीच्या १६०० सालच्या सनदेत ज्या चोवीस जणांवर कारभार सोपवला होता, त्यांतील प्रत्येक जण याच नावाने ओळखला जाई. सोपवलेला अधिकार हा या शब्दातील अर्थ लक्षात ठेवला, तर वडगावी पुढे जो वाद उभा राहिला त्याचे मूळ कळू लागते.

या फौजेबरोबर एकोणीस हजार बैल होते असे ग्रँट डफ सांगतो. त्या काळच्या लष्करी इंग्रजीत अशा जनावरांना, किंवा एकूणच सामान वाहून नेण्याच्या साधनांना, ‘कॅरेज’ म्हणत, आणि ‘कॅरेज अपुरी पडली’ अशा वाक्याचा अर्थ ओझ्याचे बैल कमी पडले असा होई. मराठी लष्करी भाषेत अशा तांड्याबरोबर चालणाऱ्या बिनलढाऊ माणसांना ‘बुणगे’ म्हणत. बुणगे आणि ओझ्याची जनावरे हा इंग्रजी फौजेचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुबळा भाग होता, आणि मराठ्यांनी समोरासमोरच्या लढाईपेक्षा वाट अडवणे, चारा जाळणे व रसद तोडणे यांवर भर दिला तो नेमका त्यामुळेच. ‘कॅरेज’ या शब्दाचा ‘गाडी’ असा आजचा अर्थ घेतला, तर घाटमाथ्यावर हजारो गाड्या चढल्याचे खोटे चित्र उभे राहते; प्रत्यक्षात चाकाच्या गाड्यांना सहज चालेल असा रस्ता बोरघाटात त्या वेळी झालेलाच नव्हता.

तळेगावाजवळ पोचल्यावर पुढे जाण्याचा धीर सुटला आणि ११ जानेवारी १७७९ च्या रात्री फौज माघारी फिरली. निघण्यापूर्वी अवजड तोफा तेथील तळ्यात लोटून देण्यात आल्या आणि सामानाचे साठे जाळण्यात आले. इंग्रजी इतिहासग्रंथांत या तळ्यासाठी ‘टँक’ हा शब्द येतो. हिंदुस्थानातील इंग्रजीत टँक म्हणजे तळे, तलाव किंवा बांधीव पुष्करिणी. या शब्दाचे नाते तळे या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाशी, तसेच गुजराती टांके आणि लोहगड, भाजे, कार्ले येथे खडकात खोदलेली पाण्याची मराठी ‘टाकी’ यांच्याशी जोडले जाते, आणि यांतले मूळ कोणते यावर अभ्यासकांनी बरीच चर्चा केली आहे. रणगाडा हा या शब्दाचा अर्थ पहिल्या महायुद्धातला आहे. सोमच्या रणांगणावर सप्टेंबर १९१६ मध्ये हे वाहन प्रथम उतरले, आणि त्याचे काम गुप्त राहावे म्हणून पाण्याच्या टाकीचे नाव त्याला मुद्दाम दिले गेले होते. तळेगावच्या हकिगतीत तोफा आणि टँक हे दोन शब्द शेजारी आल्याने आजच्या विद्यार्थ्याच्या मनात एकशे सदतीस वर्षांनी जन्मलेला अर्थ आधी येतो, आणि माघार घेणाऱ्या फौजेने आपलीच शस्त्रे पाण्यात बुडवली ही त्या रात्रीची खरी नामुष्की त्याच्या नजरेआड होते.

त्याच वर्णनांत ‘हॉर्स’ आणि ‘फूट’ हे शब्द संख्येपुढे येतात. इतके हजार हॉर्स म्हणजे तितके घोडेस्वार आणि इतके हजार फूट म्हणजे तितके पायदळ, असा त्यांचा अर्थ. हे शब्द संख्येबरोबर येत असले तरी त्यांना अनेकवचनाचा प्रत्यय लागत नसे. मराठी वाचकाला ही लकब समजायला जड जात नाही, कारण मराठीतही ‘दहा हजार घोडा’ असे म्हणताना घोडा एकवचनीच राहतो आणि त्यात स्वार गृहीत असतो.

वडगावी फौज चहूबाजूंनी कोंडली गेल्यावर वाटाघाटी सुरू झाल्या आणि जानेवारीच्या मध्यास जो करार झाला, त्याला मराठीत ‘वडगावचा तह’ आणि इंग्रजीत ‘वडगावचे कन्व्हेन्शन’ म्हणतात. ही दोन नावे एकाच कागदाची असली तरी त्यांचे वजन सारखे नाही. कन्व्हेन्शन म्हणजे आज संमेलन किंवा रूढ संकेत. त्या काळच्या राजनैतिक इंग्रजीत मात्र रणांगणावरील अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे केलेल्या कराराला हे नाव देत, आणि दोन सत्तांनी पूर्ण अधिकारानिशी करून मंजूर केलेल्या तहासाठी ‘ट्रीटी’ हा शब्द राखून ठेवत. कर्नल अप्टनने १७७६ साली केलेला पुरंदरचा करार हा ट्रीटी होता. वडगावी इंग्रजांचा दूत फार्मर याने आधी असेच सांगितले की कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारच्या परवानगीवाचून ट्रीटी करण्याचा अधिकार कमिटीला नाही. महादजी शिंद्यांची बाजू अशी होती की असलेला तह मोडण्याचा अधिकार ज्यांनी वापरला, त्यांना नवा करण्याचाही अधिकार असलाच पाहिजे. अखेर साष्टीसह १७७३ नंतर घेतलेला मुलूख परत करण्याचे कबूल करून आणि फार्मर व लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट यांना ओलीस ठेवून फौजेने सुटका करून घेतली. मुंबईला पोचताच हा करार नाकारण्यात आला आणि कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जनेही तो मानला नाही. मराठी नाव घडलेल्या शरणागतीचे वजन सांगते, इंग्रजी नाव त्या शरणागतीतून सुटण्याची वाट मोकळी ठेवते, आणि हा फरक जुना अर्थ माहीत असणाऱ्यालाच दिसतो.

याच मोहिमेत जानेवारी १७७९ च्या आरंभी कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. मराठ्यांनी त्याला ‘इष्टूर फाकडा’ म्हटले; फाकडा म्हणजे बेडर, छाती काढून लढणारा वीर, आणि ही पदवी मराठ्यांनी आपल्या गाजलेल्या योद्ध्यांनाही दिलेली होती. वडगावात त्याचे स्मारक आहे. शत्रूच्या नावाला मराठी वळण देऊन त्याच्यापुढे आपल्यातला मानाचा शब्द जोडण्याची ही वृत्ती मराठी भाषेच्या आणि मराठी लष्करी परंपरेच्या मोठेपणाची साक्ष देते, आणि म्हणून ‘फाकडा’ हा आज विरळ झालेला शब्द इष्टूरच्या नावाइतकाच जपण्याजोगा आहे.

पेशवाई बुडाल्यानंतर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० साली बोरघाटातून चाकांच्या वाहनांचा रस्ता खुला झाला आणि ‘कॅरेज’ या शब्दाचा अर्थ या घाटापुरता बदलला. ओझ्याचा बैल हा अर्थ मागे सरला, आणि कॅरेज म्हणजे घोड्याची चारचाकी गाडी असा अर्थ त्या रस्त्यावर रूढ झाला. मे १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली, जून १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला, आणि मधला घाट प्रवासी पालखीत, तट्टावर किंवा पायी ओलांडत. २१ एप्रिल १८६३ रोजी घाटातील रेल्वेमार्ग खुला झाल्यावर कॅरेज या शब्दाला तिसरा अर्थ आला, तो म्हणजे आगगाडीचा डबा. पंच्याऐंशी वर्षांत एकाच घाटात एका शब्दाने बैल, घोडागाडी आणि रेल्वेचा डबा असे तीन अर्थ धारण केले; घाटाच्या दळणवळणाचा इतिहास लिहायचा झाल्यास त्याच्या तीन प्रकरणांची ही नावेच होत.

रेल्वेने मावळात शब्दांचा एक नवा संच आणला. जानेवारी १८५६ मध्ये सुरू झालेल्या या कामात पंचवीस बोगदे खोदले गेले, सुमारे पंधरा मैलांत मार्ग १,८३१ फूट वर चढवला गेला आणि काही ठिकाणी सदतीस फुटांना एक फूट इतका खडा चढ ठेवावा लागला. काम भरात असताना बेचाळीस हजार मजूर राबत होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कली होता, आणि ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच थोड्याच दिवसांत वारल्यावर त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने ठेका पुढे चालवला. या चढाला कागदोपत्री ‘इनक्लाइन’ म्हणत. आज या शब्दाचे क्रियापद मनाचा कल दाखवण्यासाठी अधिक वापरले जाते, आणि उतरणीवर बांधलेला लोहमार्ग हा त्याचा नामवाचक अर्थ अभियंत्यांपुरता उरला आहे. चढ एका दमात घेता येत नसल्याने मधे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ ठेवले होते, म्हणजे असे ठाणे की जेथे गाडी थांबून तिची दिशा उलटत असे आणि पुढचा प्रवास मागच्या टोकाने सुरू होई. नव्या आखणीमुळे १९२९ मध्ये हे ठाणे वापरातून गेले, आणि त्याबरोबर तो शब्दही केवळ इतिहासाचा झाला.

काही शब्द मात्र कर्जत आणि लोणावळ्याच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या तोंडी जिवंत राहिले. घाट चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून जोडले जाणारे जादा इंजिन ‘बँकर’ म्हणून ओळखले जाते. त्याचा पेढीशी संबंध नाही. इंग्रजी रेल्वेच्या बोलीत बँक म्हणजे चढण, आणि चढणीवर गाडी रेटणारे ते बँकर. चढण या अर्थाचा ‘बँक’ सामान्य इंग्रजीत जवळजवळ विसरला गेला असताना बोरघाटाच्या पायथ्याशी तो दररोज उच्चारला जातो. ‘परमनंट वे’ ही संज्ञा अशीच आहे. बांधकाम चालू असताना ठेकेदार खडी-माती वाहण्यासाठी तात्पुरते रूळ टाकत, आणि काम संपल्यावर ते उखडून जो कायमचा मार्ग घातला जाई त्याला परमनंट वे म्हणत. तात्पुरत्या मार्गाचा विसर पडला, तरी रुळांची देखभाल करणारे खाते आजही ‘पी-वे’ या नावाने ओळखले जाते. या इंग्रजी शब्दांशेजारी मराठी बोगदा, सांधेवाला, मुकादम आणि खलाशी हे शब्द नांदले. त्यांतील खलाशी मुळात जहाजावरचा, आणि तो सह्याद्रीच्या माथ्यावरील लोहमार्गापर्यंत येऊन पोचला.

जमिनीच्या मोजणीत आर्ष शब्दांचा ठेवा याहून खोल आहे. पेशवाईत वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चाहूर असा हिशेब चाले. इंग्रजी अमलात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ पासून इंदापुरात सुरू केलेली पाहणी-जमाबंदी पुणे जिल्ह्यात पसरली आणि एकर-गुंठ्यांचा हिशेब रूढ झाला. इंग्लंडात सतराव्या शतकापासून चालत आलेली मोजणीची साखळी सहासष्ट फुटांची असे, तिचे शंभर दुवे असत, दुव्याला ‘लिंक’ म्हणत, आणि दहा साखळ्यांचा एक फर्लांग होई. नांगराच्या एका तासाची लांबी असा फर्लांग शब्दाचा मूळ अर्थ आहे. मुंबई इलाख्यातील मोजणीदारांनी या साखळीच्या निम्मी, तेहतीस फुटांची साखळी घेतली आणि रुपयाप्रमाणे तिचे सोळा आणे पाडले, म्हणून एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे मिळून एक एकर. आणा चलनातून १९५७ साली गेला, सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, तरी पिकाचा अंदाज सांगताना ‘आणेवारी’ हाच शब्द तोंडी येतो आणि कुसगाव परिसरातील जमिनीचा व्यवहार गुंठ्यातच बोलला जातो. भाताचे खाचर, नाचणी-वरीचे डोंगरउताराचे ‘वरकस’ आणि बागायत यांतील फरक मोजणीच्या इंग्रजी तक्त्यात भात आणि जिरायत अशा ठोकळ वर्गांत बसवला गेला. वरकस जमीन काही वर्षे पिकवून काही वर्षे पडीक ठेवण्याची मावळी रीत समजून घ्यायची असेल, तर त्या तक्त्यापेक्षा मराठी शब्द अधिक सांगतो.

आजच्या कुसगावाला या शब्दांचा शेजार सुटलेला नाही. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर खोपोली ते कुसगाव असा घाट टाळणारा सुमारे तेरा किलोमीटरचा जो मार्ग आखला गेला, तो सर्वत्र ‘मिसिंग लिंक’ या नावाने ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात ही संज्ञा भूगर्भशास्त्रात आणि पुढे उत्क्रांतीच्या चर्चेत, जीवांच्या साखळीतील न सापडलेल्या दुव्यासाठी प्रसिद्ध झाली. मोजणीदाराच्या साखळीतील दुवा, शास्त्रज्ञांच्या कल्पनेतील दुवा आणि रस्त्याचा दुवा हे तिन्ही अर्थ एकाच शब्दाचे आहेत.

या सर्व शब्दांचा अर्थ लावण्यासाठी साधने उपलब्ध आहेत. जेम्स मोल्सवर्थने जॉर्ज व टॉमस कँडी या बंधूंच्या साहाय्याने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ मध्ये आली, आणि मधल्या काळात १८४७ साली टॉमस कँडीने पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध झाला. मोल्सवर्थकडे मराठी शब्दांसाठी जाण्याची रीत आहे. तथापि त्याने दिलेले इंग्रजी अर्थही आता पावणेदोनशे वर्षांचे झाले आहेत, आणि त्या काळी इंग्रजी शब्द कोणत्या मराठी शब्दाच्या तोलाचा मानला जाई हे पाहण्यासाठी तोच कोश उलट दिशेने वाचणे तितकेच फलदायी ठरते. महसुली शब्दांसाठी होरेस विल्सनचा १८५५ चा कोश, हिंदुस्थानी इंग्रजीसाठी यूल व बर्नेल यांचा १८८६ चा ‘हॉब्सन-जॉब्सन’, आणि इंग्रजी शब्दांच्या अर्थांचा कालक्रमाने इतिहास देणारा, १८८४ ते १९२८ या काळात खंडाखंडांनी निघालेला ऑक्सफर्डचा मोठा कोश, ही पुढची साधने. राज्यकारभाराचे शब्द आपल्या भाषेत नक्की करण्याची गरज शिवछत्रपतींनी याआधीच ओळखली होती आणि रघुनाथपंत हणमंत्यांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता. शब्दावर ताबा असल्याशिवाय कारभारावर ताबा राहत नाही ही त्यामागची जाण होती.

तीच जाण इतिहासलेखनाला लागू पडते. मावळच्या लढाईचे, घाटाचे आणि जमिनीचे जे वर्णन इंग्रजांनी लिहून ठेवले, ते मराठी वाचकाने टाकून देण्याचे कारण नाही, आणि आजच्या शालेय इंग्रजीच्या आधाराने मान्य करण्याचेही नाही. प्रत्येक शब्द त्याच्या सालासह वाचावा, त्याच घटनेसाठी मराठी कागदांत कोणता शब्द आला आहे तो शेजारी मांडावा, आणि दोहोंतील फरक हा पुरावा मानावा; ट्रीटी, कन्व्हेन्शन आणि तह या तीन शब्दांनी वडगावबद्दल जे सांगितले, ते एकेका शब्दाला सुटेपणी सांगता आले नसते. हे काम कोशांवर थांबत नाही. बँकर आणि पी-वे हे शब्द वापरणारे रेल्वे कामगार, वरकस आणि खाचर यांतला भेद जमीन पाहून सांगणारे शेतकरी आणि साखळीचा हिशेब ऐकलेले जुने मोजणीदार यांच्याकडून शब्द, त्याचा अर्थ आणि तो कोठे वापरला जातो याची नोंद गावागणिक करून घेतली, तर मावळचा एक आधारभूत शब्दसंग्रह तयार होईल. लोणावळे आणि कुसगाव परिसरात शिक्षणसंस्था आहेत, शिकणारी तरुण पिढी आहे, आणि ज्या वाटेने हे शब्द आले तो घाट हाकेच्या अंतरावर आहे. या कामाला याहून योग्य जागा मिळणार नाही.